अडतीस हजर

आमगाव
११ ऑगस्ट २०२४

विहंगबाबू,

ओळखलं का? कॉलेजात अ‍ॅडमिशनच्या खिडकीपाशी ज्यानं तुझ्या पायावर पेटी ठेवली, तो म्हातारा मी. मले ऐकू येत नाही हे समजल्यावर तू फॉर्मच्या मागं लिहून दाखवलं होतं, 'हम भी मराठी हैं काका, बूढापारा में रहते हैं.' आपण मराठी आहो हे हिंदीत सांगणारा पोट्टा मी पहिल्यांदाच पाहिला. तेव्हाच तू मले आवडला.

मी नरहर ठवकर. रेल्वेत एकतीस वर्षं स्टेशन मास्तर होतो, आता घरी. नोकरीत शुद्ध अन् मोजकं लिहावं लागे, त्याचा सूड आता काढतो, बोलतो तसं लिहितो. कान जाऊन सहा वर्षं झाली. माझ्या पोट्ट्याची, पियुषची, आई त्याच्या आधीच गेली. घरात मी अन् पियुष पाटीवर लिहून बोलतो. फोन आहे, त्यावर आलेला मेसेज वाचता येते, पण ते इवले इवले बटन दाबायले गेलो की लिहायचं एक अन् होते भलतंच.

काम असं आहे. पियुष पहिल्यांदाच घराबाहेर राहून राहिला. तिथं रायपुरात, गुढियारीत, हिरालाल साहू म्हणून सज्जन माणूस आहे, त्यांच्या घरची वरची खोली त्याले घेऊन दिली. पोट्टा मुखदुर्बळ आहे. विचारलं तर म्हणते 'ठीक'. पडला तरी ठीक, उपाशी असला तरी ठीक. म्हणून त्याच्यापेक्षा मले तुझ्यावर भरोसा आहे. पंधरा दिवसांनी एक पत्र लिहीत जा. तो क्लासले येते का, जेवते का, हसते का, बस एवढंच. त्याले सांगू नको, नाहीतर म्हणेल बाप जासूसी करून राहिला. करूनच राहिलो आहे.

माझा पत्ता लिहिलेली, तिकीट लावलेली दहा पाकिटं सोबत पाठवतो. म्हणजे तुले बहाणा नको.

नरहर ठवकर


बूढापारा, रायपूर
२५ ऑगस्ट

काका, नमस्कार!

पाकिटं भेटली. मराठीत एवढं लांब मी पहिल्यांदाच लिहून राहिलो. आई मधातच येऊन डोकावून पाहते अन् हसते. वेलांटी चुकली तर सांभाळून घ्या.

पियुष एकदम मस्त आहे. माझा रोल नंबर सदतीस, त्याचा अडतीस. नंबर आडनावावरून आहेत, मी तेलंग, तेलंग के बाद ठवकर. म्हणून बेंचही एकच अन् लॅबचं टेबलही एकच. डब्बा माझ्या घरचा असते, तो अर्धा त्यालेच जाते. आईच्या हातची कढी त्याले लय आवडते.

तुम्ही टेन्शन घेऊ नका. आमचं कॉलेज म्हणजे जेल आहे. दर तासाले हाजिरी. सर नंबर बोलतात, आम्ही 'प्रेझेंट सर' म्हणतो, सर मोबाइलवर टिक करतात अन् पाच वाजता घरच्यांच्या फोनवर मेसेज जाते. तीन दिवस लागोपाठ कोणी नाही आलं, तर मेंटॉर सर खोलीवर माणूस पाठवतात. मागच्याच हफ्त्यात एक पोट्टा घरी झोपून होता, त्याले स्कूटरवर बसवून आणलं!

परवा मजा झाली. मेकॅनिक्सचे सर फाडफाड इंग्लिश बोलतात. पियुषनं हात वर केला, 'सर, एक बार हिंदी में बता देंगे?' सर म्हणाले, 'ये स्टेशन नहीं है कि हर अनाउंसमेंट दो बार होगा.' पूरी क्लास हसली. आता पोट्टे त्याले 'अनाउंसमेंट' म्हणतात. प्यारनंच म्हणतात. तोही हसला.

तुमचा
विहंग


आमगाव
१२ सप्टेंबर

प्रिय विहंग,

अक्षर तुझं कोंबडीनं पाय ओढल्यासारखं आहे, पण पत्र तीनदा वाचलं. तुझ्या आईले माझा नमस्कार सांग. कढीचं ऐकून बरं वाटलं. घरी मी केलेली कढी पियुष डोळे मिटून पीत असे, औषधासारखी.

तो हसला असं तू लिहिलं. खरंच हसला का रे? लहानपणी तो मार खाल्ल्यावरही हसे. जरा पाहून सांग.

त्या पाच वाजताच्या मेसेजची मात्र मले चटक लागली. तुले एक गंमत सांगतो, हसू नको. नोकरीतलं एक कोरं रजिस्टर माझ्यापाशी पडून होतं. रोज पाच वाजून दहा मिनिटांनी मेसेज येते अन् मी त्यात ओळ टाकतो. तारीख, वेळ, 'अडतीस हजर'. अजून गैरहजेरीची एकही तांबडी ओळ नाही. चहा त्याच्यानंतर पितो. जुनी सवय, दुसरं काय.

रजिस्टरचा विषय निघाला म्हणून आमच्या धंद्यातलं सांगतो. गाडीच्या शेवटच्या डब्याच्या पाठीवर एल. व्ही. लिहिलेला बोर्ड असते. शेवटचा डबा, एवढाच त्याचा अर्थ. गाडी स्टेशनातून धाडधाड निघून गेली तरी तो बोर्ड आपल्या डोळ्यानं दिसल्याशिवाय मागच्या स्टेशनले 'गाडी आली' म्हणायचं नाही, अन् रजिस्टरात लिहायचं तर नाहीच. मधात डबे तुटून राहिले असले अन् मागून दुसरी गाडी सोडली, तर? मी नवीन होतो तेव्हा एकदा पावसात बाहेर निघायचा आळस केला. पोर्टरनं म्हटलं, 'हो साहेब, बोर्ड पाहिला', अन् मी लिहून टाकलं. काही झालं नाही, गाडी पूर्ण होती. पण त्या रात्री मले जेवण गेलं नाही. त्याच्यानंतर नोकरी संपेपर्यंत मी प्रत्येक गाडीची पाठ पाहिली, ताप असला तरी पाहिली.

पियुषले हे सगळं पाठ आहे. त्याले विचारून पाहा, वैतागून सांगेल.

नरहर ठवकर


रायपूर
२९ सप्टेंबर

काका, नमस्कार.

उशीर झाला, सॉरी. युनिट टेस्ट चालू होती.

पियुष ठीक आहे. थोडा थकते. गुढियारीहून कॉलेज दूर पडते ना, दोन ऑटो बदलावे लागतात. टेस्टचे मार्क अजून आले नाहीत. बाकी काही विशेष नाही.

तुम्ही ते रजिस्टरचं लिहिलं, ते वाचून आई म्हणाली, किती प्रेम आहे बापाचं. दसऱ्यात तो येईल न येईल, एक्स्ट्रा क्लास आहेत असं म्हणत होता.

विहंग


आमगाव
५ नोव्हेंबर

प्रिय विहंग,

दसऱ्याले पियुष आला नाही, दिवाळीले आला. तीन दिवस राहिला अन् काल सकाळच्या लोकलनं परत गेला. तुझ्या आईसाठी चकल्या दिल्या होत्या, पोचल्या का? माझ्या हातच्या आहेत, दात सांभाळून खा.

पोट्टा वाळून गेला रे. गालफडं बसली. मी पाटीवर लिहिलं, 'जेवत नाही का?' त्यानं लिहिलं, 'ठीक'. मी लिहिलं, 'अभ्यास जास्त आहे का?' त्यानं लिहिलं, 'हो'. मग मले वाटलं, इंजिनिअर होणं म्हणजे काही खेळ नाही, झिजावं तर लागणारच. मी त्याले चार दिवस आणखी राह म्हणणार होतो, पण म्हटलं हजेरी बुडेल.

एक गोष्ट मात्र मनात राहून गेली, ती तुलेच विचारतो. पाडव्याच्या संध्याकाळी मी दिवे लावून आत आलो, तर तो पाटी मांडीवर घेऊन बसला होता. दोन-तीन ओळी लिहिल्या होत्या. पाटी माझ्यासमोर धरली. माझ्या डोळ्यावर चष्मा नव्हता. मी हातानं 'थांब' म्हटलं अन् चष्मा शोधायले गेलो. तो रजिस्टरवरच ठेवलेला होता. म्हटलं चला, पोट्ट्याले हेही दाखवून टाकू, खूश होईल. घेऊन आलो, त्याच्यासमोर उघडलं. पाहा म्हटलं, ऑगस्टपासून एक दिवस खाडा नाही, बापाच्या नोकरीतही एवढं स्वच्छ रजिस्टर नव्हतं. त्यानं एकेक पान पाहिलं. लय वेळ पाहिलं. मग मी चष्मा लावून पाटीकडे वळलो, तर पाटी पुसलेली.

काय लिहिलं होतं, विचारलं. त्यानं लिहिलं, 'काही नाही, ठीक'.

तुले काही बोलला का? तुम्ही दिवसभर एका बेंचवर असता. पोरीबिरीचं असलं तरी सांग, मी काही रागावणार नाही. रागावलो तरी मलेच ऐकू येणार नाही.

नरहर ठवकर


रायपूर
१६ नोव्हेंबर

काका, नमस्कार.

चकल्या पोचल्या. आईनं धन्यवाद म्हटलं आहे.

पाटीवर काय लिहिलं ते मले माहीत नाही. पेपर जवळ आले, सगळ्यांलेच टेन्शन आहे, तसंच काही असेल. पोरीचं वगैरे काही नाही. तो रोज येते. तुम्हाले मेसेज तर येतच असेल.

विहंग


आमगाव
१ डिसेंबर, रविवार

प्रिय विहंग,

बुधवारपासून पियुषचा स्वतःचा एकही मेसेज नाही. रोज झोपायच्या आधी 'ठीक' एवढं तरी पाठवे. आधी वाटलं माझाच फोन बिघडला. पण कॉलेजचा मेसेज रोज पाचले येऊन राहिला. गुरुवार हजर, शुक्रवार हजर, काल शनिवारीही हजर. म्हणजे पोट्टा हिंडता-फिरता आहे, क्लासले येते, फक्त बापाले विसरला. विसरू दे. या वयात मीही विसरलो होतो.

तरी मन लागत नाही. गुरुवारी मी सामान बांधलं होतं, रायपूरले यायले. पिशवी दाराशी ठेवली अन् पाच वाजता मेसेज आला, 'हजर'. मग पिशवी सोडली. स्वतःलेच म्हटलं, काहून पोट्ट्याच्या पेपरच्या वेळी तडमडायले जातो?

तू फक्त त्याच्या पाठीत एक बुक्की घाल अन् म्हण, बापाले 'ठीक' लिही.

नरहर ठवकर


आमगाव
२१ डिसेंबर

विहंग,

तेरवी मंगळवारी झाली. लोक गेले. आता लिहायले बसलो.

रायपूरच्या मारवाडी श्मशानात तू मागं भिंतीपाशी उभा होता, मी पाहिलं. जवळ आला नाही. मी तुले हात केला तेव्हा तू खाली पाहिलं. पोट्टं आहे, मेलेलं माणूस पहिल्यांदा पाहिलं असेल, असं मी समजलो. ते राहू दे. माझं तुझ्यापाशी एक काम आहे, अन् ते तुझ्याशिवाय कोणी करू शकत नाही.

माझ्यापाशी दोन कागद आहेत. एक सरकारी दवाखान्याचा. त्यात लिहिलं आहे, कावीळ होती, अंगात भिनली होती, मृत्यू मंगळवारी, तीन डिसेंबरले, दुपारच्या सुमारास. दार उघडलं गुरुवारी संध्याकाळी. म्हणजे दोन दिवस माझा पोट्टा त्या खोलीत तसाच पडून होता. अन् त्याच्या आधीचे किती दिवस एकटाच तापात होता, ते त्या कागदात नाही.

दुसरा कागद कॉलेजचा. तिथल्या बाबूनं शिक्का मारून दिला. मंगळवार, तीन डिसेंबर, पाच तास, हजर. बुधवार, चार डिसेंबर, तीन तास अन् एक प्रॅक्टिकल, हजर. गुरुवार, पाच डिसेंबर, हजर. हेच मेसेज माझ्या फोनवर आहेत, माझ्या रजिस्टरात आहेत. गुरुवारचा मेसेज मी पाच वाजून दहा मिनिटांनी उतरवला, चहा प्यालो, अन् आठ वाजता आमगाव ठाण्याचा शिपाई दारात उभा.

दोनपैकी एक कागद खोटा आहे. डॉक्टर काय, अंदाजानं लिहितात. हजेरी तर समोर माणूस पाहून लावतात. तू सदतीस, तो अडतीस. तू त्याच्या शेजारी बसलेला होता. तू मले एवढंच लिही की बुधवारी तो क्लासमध्ये होता. थकलेला असेल, ताप असेल, पण होता, लोकांमध्ये होता, तुझ्या डब्यातलं त्यानं दोन घास खाल्लं. मग मी तो डॉक्टरचा कागद चुलीत टाकतो. तो गुरुवारीच गेला, पटकन गेला, एकटा फार वेळ नव्हता, एवढं मले कोणीतरी सांगायले पाहिजे. मी झोपलो नाही, विहंग.

लवकर लिही. पाकिटं असतीलच.

नरहर ठवकर


रायपूर
४ जानेवारी २०२५

काका,

हे पत्र मी पाच वेळा फाडलं. दोन वेळा तुम्हाले पाहिजे तसंच लिहिलं होतं. बुधवारी तो होता, कढी खाल्ली, असं. पाकीट बंदही केलं. टपालपेटीपर्यंत गेलो अन् परत आलो.

डॉक्टरचा कागद खरा आहे. हजेरी खोटी आहे. ती मी लावली.

नऊ सप्टेंबरपासून पियुष क्लासले आला नाही. एक दिवसही नाही. तो म्हणाला, 'दो-तीन दिन बोल दे यार, मन नहीं है.' त्याच्या आधी टेस्टमध्ये त्याले विसापैकी दोन भेटले होते अन् सरांनी पेपर सगळ्यांसमोर वाचला होता. मी म्हटलं, हव, बोल देता हूं, टेन्शन मत ले. सर मोबाइलमध्ये पाहून नंबर बोलतात, वर पाहतच नाहीत. सदतीसले मी माझ्या आवाजात म्हणायचो, अडतीसले मान खाली घालून जाड आवाजात. दोन-तीन दिवसांचे तीन महिने झाले. कोणाच्याच ध्यानात आलं नाही. मले तर पहिल्या हफ्त्यात मजाच येत होती.

ते अनाउंसमेंटचंही पूर्ण लिहिलं नव्हतं. त्याचे बाबा स्टेशन मास्तर होते हे सरांले मीच सांगितलं होतं, असंच बोलता बोलता. अन् सर तसं बोलले तेव्हा पहिले मी हसलो. तो हसला नव्हता काका. तो माझ्याकडे पाहत होता.

दिवसभर तो गुढियारीकडल्या रेल्वे पुलावर बसे. कधी बूढा तालाबले येई, मी कॉलेज सुटल्यावर भेटायचो. त्याले कॉलेज सोडायचं होतं. दिवाळीत बाबाले सांगतो म्हणाला. परत आल्यावर मी विचारलं, 'बताया?' तर म्हणाला, पाटीवर लिहिलं होतं, 'बाबा, मले तिथं जमत नाही. मी घरी येऊ का?' पण तुम्ही रजिस्टर आणलं. म्हणाला, 'उसमें तेरी आवाज लिखी हुई थी यार, पूरे पन्ने भर के. मैं क्या बोलता?' तुम्ही मले विचारलं तेव्हा मले हे सगळं माहीत होतं. मी 'माहीत नाही' लिहिलं. सांगितलं असतं तर प्रॉक्सीचं बाहेर आलं असतं, प्रॉक्सीले एक सेमिस्टर डिटेन करतात, मागं ठेवतात. बस, एवढ्यासाठी.

शनिवारी, तीस नोव्हेंबरले त्याचा मेसेज आला, 'बुखार है, आ सकता है क्या?' मी लिहिलं, कल आता हूं. रविवारी भिलाईले मामाकडे साखरपुडा होता. सोमवारी त्यानं लिहिलं, 'पानी भी नहीं रुक रहा.' मी लिहिलं, दवाई ले ले, वायवा के बाद आता हूं. मंगळवारी काहीच आलं नाही. मले वाटलं बरं वाटत असेल.

काका, सगळ्यात खराब गोष्ट ही आहे. रोज पाच वेळा मी त्याच्या नावानं 'प्रेझेंट' म्हणायचो, अन् म्हटलं की मले वाटे, चला, पियुषचं काम झालं. त्याच्यासाठी काही केलं. त्याच्याकडे जाऊन पाहायचं राहून गेलं हे ध्यानातच येत नव्हतं. तीन दिवस गैरहजर लागला असता तर सरांनी खोलीवर माणूस पाठवला असता. तुम्हीही त्या गुरुवारी आला असता. तुमची पिशवी मी सोडायले लावली.

तुमचं एक तारखेचं पत्र पाच तारखेले चार वाजता भेटलं. त्या दिवशीही मी दोन्ही नंबर बोलून आलो होतो. पत्र वाचलं अन् स्कूटर घेऊन पळालो. हिरालालजी म्हणाले, 'दो दिन से नीचे नहीं उतरा, हम समझे गांव गया है.' दार आम्ही दोघांनी ढकललं. आत काय होतं ते लिहीत नाही. उशाशी पाण्याची बाटली होती, रिकामी.

पोलिसांले मी सांगितलं की मी मित्र आहे. बाकी काही नाही सांगितलं.

मले माफ करा, असं लिहायची हिंमत होत नाही, तरी लिहितो. मले माफ करा.

विहंग


आमगाव
१३ जानेवारी

विहंग,

पत्र भेटलं. त्यानंतर तीन दिवस मी तुले मनातल्या मनात जेवढं बोललो, तेवढं एकतीस वर्षांत कोणाले बोललो नसेल. राग आहे. तुझ्यावरच आहे. लपवत नाही.

माफी माझ्यापाशी नाही. शोधली, नाही सापडली. पुढं सापडेल का, माहीत नाही. तू वाट पाहू नको.

पण रजिस्टर काढून बसलो. एकोणऐंशी ओळी आहेत. एकोणऐंशी वेळा मी 'हजर' लिहिलं अन् त्यातली एकही डोळ्यानं पाहून लिहिली नाही. पोर्टरच्या एका शब्दावर एक गाडी लिहिली तर मले तेव्हा जेवण गेलं नव्हतं. इथं एका यंत्राच्या शब्दावर स्वतःचं लेकरू लिहीत गेलो, अन् वरून रोज चहा प्यालो. अन् दिवाळीत तो समोर होता! तीन दिवस समोर होता. गालफडं बसलेली पाहिली, पाटी पुसलेली पाहिली, अन् तरी त्याच्या तोंडावर विश्वास न ठेवता मी रजिस्टरावर ठेवला. तो विचारून राहिला होता, घरी येऊ का. मी त्याले हजेरी दाखवली.

म्हणजे आपण दोघं आहो. मले हे तुझ्याशिवाय दुसऱ्या कोणाले बोलता येत नाही, हेच मोठं वाईट आहे.

आता ऐक. कॉलेजचा बाबू म्हणाला की पियुषचं नाव कमी करायचा माझा अर्ज वर गेला आहे, पण दुसऱ्या सेमिस्टरच्या यादीत काही दिवस ते येत राहील. माझा अर्ज मी परत घेणार नाही अन् लवकर करा असंही म्हणणार नाही. तुझ्या कॉलेजले काय सांगायचं ते तुझं तू ठरव. मी तक्रार लिहिली नाही.

तू पंधरा दिवसांनी एक पत्र लिहायचं कबूल केलं होतं. दहा पाकिटं दिली होती, माझ्या हिशेबानं सहा शिल्लक आहेत. ती संपव. पण आता 'मस्त' नाही, 'ठीक' नाही. जे तुझ्या डोळ्यानं पाहिलं, तेवढंच लिहायचं.

नरहर ठवकर


रायपूर
२८ जानेवारी

काका,

काल, सोमवारी, दुसरं सेमिस्टर चालू झालं. जे पाहिलं तेवढंच लिहितो.

पहिला तास मेकॅनिक्सच्या सरांचा होता. सर आले, मोबाइल काढला, नंबर बोलायले लागले. छत्तीसले श्रेयस बोलला. सदतीसले मी बोललो. मग सर म्हणाले, 'अड़तीस.'

माझं तोंड आपोआप उघडलं. आवाज निघाला नाही, पण उघडलं. सवय झाली होती.

सर परत म्हणाले, 'अड़तीस.' दोन वेळा बोलले. त्यांनी वर पाहिलं. मी उभा राहिलो अन् म्हटलं, 'सर, पियुष ठवकर नहीं है. तीन दिसंबर को चला गया. और क्लास में नौ सितंबर से नहीं था. उसकी हाजिरी मैं बोलता था.' क्लासमध्ये कोणी हसलं नाही. सरांच्या हातातला मोबाइल टेबलावर पालथा झाला. त्यांनी तो उचलला नाही.

मग मले विभागप्रमुखांकडे नेलं. तिथं मी सगळं लिहून दिलं, सही केली. आईलेही काल सांगितलं. ती जेवली नाही. कॉलेज माझं काय करणार ते कमिटी ठरवेल. ते अजून पाहिलं नाही, म्हणून लिहीत नाही.

संध्याकाळी गुढियारीले गेलो होतो. वरच्या खोलीले कुलूप आहे. हिरालालजींनी किराएदार ठेवला नाही. पुलावर अर्धा तास बसलो. दोन मालगाड्या गेल्या. दोन्हीचा शेवटचा डबा निघेपर्यंत पाहत होतो, बोर्ड होता.

आज सकाळी परत हाजिरी झाली. सरांनी अडतीस म्हटलं, थांबले, बेंचकडे पाहिलं अन् बोटानं काहीतरी दाबलं. माझ्या डाव्या हाताची जागा रिकामी आहे. तिथं कोणी बॅगही ठेवत नाही.

आज पाच वाजता तुमच्या फोनवर मेसेज आला असेल, गैरहजर असा. तो खरा आहे, काका. मी शेजारी बसून पाहिलं. रजिस्टरात लिहा.

विहंग